दोन ठोक्यांमधली जागा

जुन्या बुलेटचं सौंदर्य तिच्या ठोक्यात आहे असं सगळे म्हणतात. मला ते दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत सापडतं. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर संथ उभं असलं की सेकंदाला पाच ठोके पडतात. प्रत्येक ठोका कानाला वेगळा धरता येतो, आणि एक विरून दुसरा येईपर्यंत जी फट राहते तिच्यातून इंजिनाच्या पोटातलं बाकीचं सगळं ऐकू येतं. टॅपेटची टिकटिक, प्रायमरी चेनची सळसळ, हवा ओढताना कार्बोरेटरनं टाकलेला सुस्कारा. हेडलाइटच्या वर बसवलेल्या अँपिअर मीटरचा काटा त्याच तालावर थरथरत असतो. ऊन उतरल्यावर गाडी स्टँडवर चालू ठेवावी आणि शेजारी नुसतं बसून राहावं, असा तो आवाज आहे.

हा संथपणा सायलेन्सरमधून येत नाही. तो इंजिनाच्या बांधणीत आहे. ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक, ३४६ सीसी, बिडाचा सिलिंडर आणि आत फिरणारं जडशीळ फ्लायव्हील. ते एकदा फिरायला लागलं की थांबायला तयार नसतं, म्हणून पुढचा ठोका सावकाश पडला तरी इंजिन बंद पडत नाही. १९५५ पासून ही गाडी मद्रासला बनू लागली आणि पुढची पन्नास वर्षं तिच्या इंजिनाचा मूळ बांधा फारसा बदलला नाही. ताकद म्हणाल तर १८ अश्वशक्ती. आजची २०० सीसीची गाडी तेवढी ताकद सहज देते. पण बुलेटची ओढ खालच्या फेऱ्यांत आहे. चौथ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळू द्यावी, मग मूठ जराशी पिळावी, आणि गाडीनं घाई न करता, गिअर खाली न मागता, रस्ता आपल्या पोटाखाली ओढून घ्यावा.

ती ओढ कळायला लातूर-नांदेडसारखा रस्ता नाही. अंतर एकशेचाळीस किलोमीटरच्या आसपास. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर, नांदेड सुमारे ३६० वर. बालाघाटच्या पठारावरून हा रस्ता हळूहळू गोदावरीकडे उतरतो. आष्टा मोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड. दोन्ही बाजूंना काळी माती, लातूरकडून निघताना सोयाबीन आणि तूर, नांदेड जवळ येईल तसा कापूस. जाताना कुठलीही गाडी चांगलीच पळते. येताना, लोहा मागे टाकून अहमदपूरकडे चढायला लागलं, समोरून वारा असला आणि मागे कुणी बसलेलं असलं, की गाडीची खरी तब्येत कळते.

माझ्याकडची बुलेट मूळची मामांची. ऐंशीच्या दशकातली, काळी, टाकीवर हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. मामा अहमदपूरला शिक्षक होते. रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, ते टॅपेटचं झाकण उघडायचे, पिस्टन वर आणायचे आणि दोन पुशरॉड चिमटीत धरून बघायचे. रॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस, एवढंच माप. त्यांच्याकडे फीलर गेज नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. मग झाकण लावून ते गाडी चालू करायचे आणि मान कलती करून बराच वेळ ऐकत राहायचे. लहानपणी मला वाटायचं ते विश्रांती घेतात.

मामा गेल्यावर गाडी काही वर्षं नांदेडला होती. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा मूळचा लांब सायलेन्सर नव्हता. त्याच्या जागी आखूड, आतून पूर्ण मोकळी नळी होती. बाजारात या नळ्यांना नावं आहेत. इंदोरी, पंजाब, डॉल्फिन, मेगाफोन. काहींच्या आत पुंगळी असते, ती काढून टाकायची सोयही असते. माझ्या गाडीतली कुणीतरी आधीच काढलेली होती. पहिल्यांदा किक मारली तेव्हा गल्लीतली खिडक्यांची तावदानं हादरली आणि समोरच्या ओसरीवर झोपलेलं बाळ दचकून रडायला लागलं.

आवाज मोठा, म्हणजे ताकद मोठी, असं कानाला वाटतं. रस्ता तसं सांगत नव्हता. खालच्या फेऱ्यांत गाडी अडखळायची. चौथ्या गिअरमधून सावकाश वेग घ्यायला गेलं की मधेच एक पोकळी यायची, मूठ पिळूनही काही होत नाही अशी. मूठ सोडली की मागे फटाके फुटायचे. डोक्यातून निघणारी वाकडी नळी, जिला इकडे बेंड पाइप म्हणतात, ती निळी पडली होती. आणि लोह्याच्या पुढचा चढ, जो मामा चौथ्यात चढायचे, तिथं गाडी तिसरा मागायला लागली.

नांदेडला जुन्या मोंढ्याकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडी त्यांच्यासमोर चालू केली तर त्यांनी हातानंच खूण केली. ‘‘बंद करा आधी, भैया. ह्या आवाजात मला कायबी ऐकू येईना गेलंय.’’ मग त्यांनी प्लग काढला. तो पांढरा फटक पडला होता. ‘‘बघा. उपाशी धावायली गाडी. हवा लई, पेट्रोल कमी.’’

चाचांचं ते वाक्य पुरं समजून घ्यायचं तर धूर इंजिनातून बाहेर कसा पडतो ते बघायला हवं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायच्या जरा आधी इनटेक व्हॉल्व्ह उघडलेला असतो. क्षणभर दोन्ही दारं उघडी असतात. बाहेर धावणारा धूर आपल्यामागे पोकळी सोडतो आणि ती पोकळी ताजं मिश्रण आत ओढायला मदत करते. म्हणजे मागची नळी नुसती धूर बाहेर टाकायला नाही, पुढच्या श्वासातही तिचा वाटा आहे. नळीचा व्यास, तिची लांबी, आतल्या कप्प्यांची रचना, कार्बोरेटरच्या जेटचं भोक, सुईची उंची, हे सगळं कारखान्यात एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. त्यातली एक गोष्ट बदलली की बाकीच्या तिथंच राहतात आणि जोडणी मोडते. मोकळ्या नळीनं हवेचा प्रवाह बदलतो. जेट मात्र जुनाच असतो, तो नव्या हिशेबाचं पेट्रोल देत नाही. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं, व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच राहतं, आणि ती आग एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवरून, बेंड पाइपमधून जाते. नळी निळी पडते ती त्या उष्णतेनं.

इथं गॅरेजमध्ये एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते की इंजिनाला मागून अडवणूक लागते, बॅक प्रेशर लागतं. हे मला पटत नाही. अडवणूक कुठल्याच इंजिनाला नको असते. त्याला हवा असतो धुराचा वेग, आणि नळीच्या टोकावरून योग्य वेळी परत येणारी दाबाची लाट. फार रुंद नळीत धूर मंदावतो, फार आखूड नळीत लाट भलत्या वेळी परतते. जुन्या बुलेटमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ तसा थोडाच, फेऱ्याही थोड्या. म्हणून मोकळ्या नळीनं वरच्या टोकाला तिला मिळतं ते किरकोळ, आणि खालच्या फेऱ्यांतली जी तिची सगळी श्रीमंती, ती जाते.

फटाक्यांचं कारणही त्याच पातळ मिश्रणात आहे. मूठ सोडल्यावर मिश्रण इतकं विरळ होतं की काही वेळा ते सिलिंडरमध्ये पेटतच नाही. न पेटलेलं पेट्रोल तसंच गरम नळीत जातं. जुन्या बुलेटचा बेंड पाइप डोक्यात नुसता ठोकून बसवलेला असतो, सैल झाला की सांध्यातून ताजी हवा शिरते, आणि नळीतच भडका उडतो. काही मुलं चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून मुद्दाम हे घडवून आणतात. त्या प्रत्येक धमाक्यात सायलेन्सरच्या आतले पत्रे फाटत जातात.

पुंगळी काढायचा हा हव्यास आला कुठून? बुलेट ही आमच्याकडे पाटलाची, फौजदाराची, डॉक्टरची गाडी. दूधवाल्याची गाडी राजदूत, नाहीतर येझदी. दोन्ही बाजूंना कॅन बांधून पहाटेच्या धुरकट उजेडात शहराकडे येणाऱ्या त्या टू-स्ट्रोक गाड्यांनी मराठवाड्याचं दूध वाहिलं. येझदीला एका सिलिंडरमधून दोन सायलेन्सर, दोन्हींतून निळसर धूर. तो धूर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा. त्या ऑइलची काजळी सायलेन्सरच्या आत थरावर थर धरायची, गाडी ओढेना झाली की मिस्त्री सायलेन्सर काढून जाळात टाकायचा आणि मग ठोकून ठोकून काळी खपली बाहेर काढायचा. त्या दिवशी गाडी नव्यानं धावायची. ही दुरुस्ती होती. पण त्याच अनुभवातून एक चुकीचं गणित रुजलं. काजळी काढल्यावर गाडी पळते, तर मग आतली सगळी पुंगळीच काढली तर किती पळेल!

टू-स्ट्रोकमध्ये हे गणित सगळ्यात जास्त फसतं. तिच्या सिलिंडरला व्हॉल्व्ह नसतो, नुसतं भोक असतं. धूर बाहेर जाताना त्याच्यामागून ताजं मिश्रणही निसटायला बघतं. त्याला परत आत ढकलायचं काम सायलेन्सर करतो. विहिरीच्या काठावर उभं राहून ओ दिली की पाण्यावरून ओ परत येते, खोल विहिरीतून उशिरा, उथळ विहिरीतून लगेच. धुराचा दाबही नळीच्या आकारावर आपटून तसाच परत येतो, गरम धुरात सेकंदाला ५०० मीटरच्या वर वेगानं, आणि नेमक्या क्षणी आला तर निसटणारं पेट्रोल सिलिंडरमध्ये लोटतो. या परतणाऱ्या लाटेचा हिशेब पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पक्का बसवला. १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि ते ज्ञान जपानच्या सुझुकीकडे गेलं. पुढच्याच वर्षी त्यानं सुझुकीला ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. एका नळीच्या आकारासाठी असं सगळं घडलेलं आहे. आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स १०० पाहा. अवघी ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती. तिची पुंगळी काढली की लाट चुकते, पेट्रोल नळीतून बाहेर जातं, आवाज वाढतो आणि ॲव्हरेज उतरतं. शर्यतीचा चेंबर बसवला तर ती वरच्या फेऱ्यांत झेपावते खरी, पण खालच्या फेऱ्यांत, म्हणजे नांदेडच्या वजिराबादच्या गर्दीत किंवा लातूरच्या गंजगोलाईला वळसा घालताना जिथं रोजचं चालणं असतं, तिथं तिच्यात जीव उरत नाही.

पण चाचांनी मला दाखवलेली गोष्ट याहून वेगळी होती. पातळ मिश्रणाला इलाज आहे. मेन जेट मोठा करता येतो, सुईची क्लिप एक खाच खाली घेऊन सुई वर उचलता येते, एअर स्क्रू फिरवता येतो, मग गाडी पळवून प्लगचा रंग बघायचा. पांढरा असेल तर अजून उपाशी, काळा काजळलेला असेल तर जास्त झालं, बदामी आला की जमलं. चाचांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी दुकानातला एक जुना, पोचे पडलेला सायलेन्सर उचलला, माझ्या गाडीला तात्पुरता बसवला आणि गाडी पुन्हा चालू केली. मग एक लांब पेचकस घेऊन त्याचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला पण दिली. मोकळ्या नळीखाली गाडलेले सगळे आवाज तिथं होते. टॅपेटची एक बाजू मुकी झाली होती. पुलाच्या चढावर नेऊन मूठ पिळली तर इंजिनातून बारीक किणकिण यायला लागली, नॉकिंगची.

‘‘हे कवापासून व्हायलंय कुणाला ठाऊक,’’ चाचा म्हणाले. ‘‘टॅपेट वाजतंय तवर भ्यायचं कारण नाही, भैया. वाजायचं बंद झालं की भ्यावं.’’

हेड उघडलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूनं जळून खाल्लेली. व्हॉल्व्ह आपल्या जागेत खोल बसत गेला की मधली फट संपते, टॅपेट गप्प होतं, व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो आणि गरम धूर त्या फटीतून झिरपत कड जाळतो. मूळ सायलेन्सर असता तर मुकं झालेलं टॅपेट आणि चढावरची ती किणकिण कुणाच्या तरी कानावर कधीच पडली असती. मामांच्या तर पहिल्याच रविवारी पडली असती. ते विश्रांती घेत नव्हते.

मोकळ्या नळीबद्दलचा माझा सगळा विरोध इथं येऊन ठेपतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, काही बिघडलं तर पुढे दिवा लागतो. जुन्या गाडीत असा दिवा नाही. तिच्याकडे फक्त आवाज आहे आणि तो ऐकणारा चालक आहे. मोकळी नळी हे नातं तोडते. गाडी दुखणं सांगत असते आणि तिचाच आवाज ते झाकत असतो.

मुलांना आवाज हवासा वाटतो याचा मला राग येत नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात सणाच्या दिवसांत बुलेटच्या रांगा निघतात, तेव्हा त्या धडधडीनं छातीत काय होतं ते मीही अनुभवलं आहे. पण लातूरला राज्यभरातली मुलं शिकवणीसाठी येऊन राहतात. रात्री अकराला एका खोलीत चार जण पुस्तकं उघडून बसलेले असतात, आणि खालून एक नळी पूर्ण गल्ली उठवून जाते. नियमानं रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. १७५ सीसीच्या वरची मोटारसायकल कारखान्यातून निघताना ८० च्या आत असावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे निकष मोडले तर दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात. फिरवावा. पण त्या मुलाच्या हातात एकदा जळका व्हॉल्व्ह ठेवून बघावा, असं मला फार वाटतं. त्याचं त्या गाडीवर प्रेम असतं. ते प्रेम कुठं चुकतंय एवढंच कुणी त्याला सांगितलेलं नसतं.

मूळ सायलेन्सर मला अहमदपूरला सापडला, मामांच्या घरी, रिकाम्या कणगीमागे उभा करून ठेवलेला. खालून गंजून भोकं पडली होती. सायलेन्सर आतून कुजतो तो पाण्यानं. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन नळीतून जातं. गाडी लांब धावली तर ते उडून जातं. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरवून बंद केली की तळाशी साचतं. चाचांनी गंजका भाग कापला, पत्रा घालून गॅस वेल्डिंग केलं, बेंड पाइपचा सांधा घट्ट बसवला. नवा व्हॉल्व्ह, घासून बसवलेली सीट. रंग दिला नाही. ‘‘कशाला,’’ म्हणाले, ‘‘ही तर कामाची वस्तू.’’

त्याच दुपारी लातूरला निघालो. सोनखेडपर्यंत मी मूठ जपूनच पिळत होतो. लोहा गेलं आणि चढ लागला. गाडी चौथ्यात होती आणि चौथ्यातच राहिली. तूर फुलावर होती, वारा समोरून होता, आणि ठोके मोकळे-मोकळे पडत होते. त्यांच्यामधून टॅपेट ऐकू येत होतं, दोन्ही बाजूंचं. वाऱ्यात मिसळलेली सायकलची घंटाही ऐकू आली, शाळेतून परतणाऱ्या दोन मुली रस्त्याच्या कडेनं जात होत्या. मोकळ्या नळीसकट गेलो असतो तर त्या दोघी दचकून चिखलात उतरल्या असत्या. माळाकोळीला चहा घेतला तेव्हा बेंड पाइपला हात जवळ नेऊन पाहिला. गरम होताच, पण आधीच्या धगीसारखा दुरून भाजत नव्हता. लातूरला पोचल्यावर प्लग काढला. बदामी होता.

ज्यांच्या घरी जुनी बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स आहे त्यांना एक विनंती. नवा सायलेन्सर बसवायचाच असेल तर मिस्त्रीला जेट आणि सुई बदलायला लावा, प्लगचा रंग बघितल्याशिवाय गाडी घरी आणू नका, आणि पुंगळी आतच असू द्या. काढलेला मूळ सायलेन्सर मात्र भंगारवाल्याला देऊ नका. तिथं तो किलोवर जातो आणि परत मिळत नाही. आतून थोडं ऑइल फिरवा, दोन्ही तोंडं चिंध्यांनी बंद करा आणि कोरड्या जागी उभा करून ठेवा. भोक पडलं असेल तर वेल्डिंग होतं.